सारा लिंकनची चूल

मित्रहो, लिंकन म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र. कितीतरी शाळांच्या भिंतींवर ते चौकटीत लावलेलं असतं. लिंकननं ते लिहिल्याचा पुरावा कुठेही नाही. पण १८६० साली त्यानं आपल्या लहानपणाबद्दल खरोखरच थोडा मजकूर लिहून दिला होता. आज मला तुम्हाला त्या मजकुरातल्या घरात न्यायचं आहे.

१८१६चा डिसेंबर. इंडियाना नुकतंच अमेरिकेचं राज्य झालं होतं. अब्राहमचे वडील टॉमस लिंकन यांनी शेजारच्या केंटकी राज्यातलं शेत सोडलं, ओहायो नदी ओलांडली आणि लिटल पिजन क्रीक या ओढ्याजवळच्या दाट रानात मुक्काम टाकला. बरोबर बायको नॅन्सी, नऊ वर्षांची सारा आणि सात वर्षांचा अब्राहम. केंटकी का सोडलं? लिंकन लिहितो, काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः तिथं जमिनीची मालकी धड सिद्ध होत नसे म्हणून. हे नवं रानही काही बेवारस नव्हतं. डेलावेअर आणि पियांकशॉ या मूळनिवासी लोकांकडून ते १८०४च्या करारांनी घेतलं होतं, आणि आता सरकार एकरी दोन डॉलरनं विकत होतं.

घर म्हणजे ओंडक्यांचं. झाडं पाडायची, टोकांना खाचा पाडून ओंडके एकमेकांत बसवायचे, मधल्या फटी चिकणमातीनं लिंपायच्या. आत एकच खोली आणि खाली मातीची जमीन. हे लिंपण व्हायच्या आधी त्या फटी केवढ्या असतील, ते लिंकनच्याच एका आठवणीवरून कळतं. आठवं वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस होते, वडील घरी नव्हते, रानटर्कींचा थवा घराजवळ आला. पोरानं आतूनच, फटीतून बंदूक चालवून एक पक्षी पाडला. त्यानंतर त्याहून मोठ्या प्राण्यावर आपण कधी बंदूक चालवली नाही, असं तो लिहितो. हातात आली ती कुऱ्हाड, आणि ती तेविसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सुटली नाही. रान तोडल्याशिवाय मका कुठे पेरणार?

आता १८१८ सालाकडे येतो. गुरांना कुंपण नव्हतं, ती रानात चरत. उन्हाळा सरता सरता गवत वाळलं की गाई सावलीत शिरत, आणि तिथं पांढऱ्या फुलांचं एक झुडूप असे, व्हाइट स्नेकरूट. ते खाल्लं की गाय थरथरायला लागे. पण थरथर दिसायच्या आधीच विष दुधात उतरलेलं असे. आजारी गाय ओळखू येण्याआधी घरानं तिचं दूध प्यायलेलं असायचं. त्या काळी या दुखण्याचं कारणच कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. पोरांना मिळणारं सगळ्यात चांगलं अन्न म्हणजे दूध, आणि त्याच दुधानं माणसं जात होती. आधी शेजारी राहणारे नातलग, स्पॅरो नवरा-बायको गेले. मग ५ ऑक्टोबरला नॅन्सी गेली. टॉमसनं फळ्या कापून शवपेटी केली. पेटीच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमनं तासल्या, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

आणि सारा? तिला अकरावं संपून बारावं लागलं होतं. चूल तिच्याकडे आली. मक्याच्या पिठाची भाकर, लांबून आणायचं पाणी, बाप, भाऊ आणि स्पॅरोंच्या घरून आलेला डेनिस हँक्स, सगळ्यांचं तिच्यावर. डेनिसनं म्हातारपणी सांगितलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ती पोर चुलीपाशी बसून रडायची. म्हणून त्यानं आणि अब्राहमनं तिला रॅकूनचं एक पिल्लू आणि एक कासव आणून दिलं. हरणाचं पाडसही धरायला गेले होते, पण ते काही हाती लागलं नाही. ओंडक्यांच्या झोपडीतून थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत, ही गोष्ट आपण शंभरदा सांगतो. त्या झोपडीत रोज विस्तव पेटता ठेवणाऱ्या या मुलीचं नावही घेत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

वर्षभरानं, डिसेंबर १८१९मध्ये, टॉमसनं केंटकीत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं. ती आपली तीन मुलं, अंथरुणं-पांघरुणं आणि चांगलं लाकडी सामान घेऊन आली. आल्या आल्या तिनं पोरांना न्हाऊमाखू घातलं, नवऱ्याकडून जमिनीवर फळ्या बसवून घेतल्या. त्या एका खोलीत आता आठ माणसं. मुलगे भिंतीतल्या खुंट्यांवर पाय देत माळ्यावर झोपायला चढत. शाळा म्हणाल तर अब्राहमच्या वाट्याला सगळी मिळून वर्षभरही आली नाही, पण या सावत्र आईनं त्याच्या वाचण्यात कधी मोडता घातला नाही.

अब्राहमची बहीण सारा, तिचं १८२६ साली लग्न झालं, आणि जानेवारी १८२८मध्ये बाळंतपणात ती गेली. वय अवघं वीस. आई घराजवळच्या टेकाडावर पुरलेली, बहीण चर्चच्या आवारात. १ मार्च १८३०ला लिंकन कुटुंबानं बैलगाड्या जुंपल्या आणि इलिनॉयची वाट धरली. अब्राहमला नुकतंच एकविसावं पुरं झालं होतं. गाडी हाकायला तोही होता.