पोरगा कुठे जाणार, हे ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज फुटबॉलवर बोलायचंय, पण मॅचवर नाही. मॅच संपल्यावर जे सुरू होतं आणि मग थांबतच नाही, त्यावर. एखादं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं चार मॅच भारी खेळलं की झालं, दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न, हा आता जाणार कुठे? रिअल माद्रिद? मँचेस्टर सिटी? पॅरिसचा पीएसजी? किती मिलियन? आणि हे फक्त तिकडे युरोपात चालतं असं समजू नका, आपल्या बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये पण चालतं, मला लेडीज डब्यात जाळीपलीकडून ऐकू येतं, कॉलेजची पोरं, पाठीवरच्या बॅगा पुढे घेतलेल्या, एकाच्या हातात मोबाईल आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले, "अरे डन झालंय, हिअर वी गो आलंय!" फाब्रिझिओ रोमानो नावाचा इटालियन पत्रकार आहे, डील पक्कं झालं की तो हे तीन शब्द टाकतो आणि जगभरात पोरं नाचतात.

आमच्या घरातलंच सांगते. 2022 ला गणपती 31 ऑगस्टला बसले होते आणि इंग्लंडची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घ्यायची मुदत, बंद होणार होती 1 सप्टेंबरला रात्री अकराला, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. विसर्जन करून आलो, पाटावर थोडी वाळू आणलेली, सगळे दमून आडवे झालेले, आणि माझा भाचा मात्र चार्जरच्या वायरीला चिकटून भिंतीशी बसलेला. "मावशी, अँटनी युनायटेडला! पंचाण्णव मिलियन युरो!" ब्राझीलचा पोरगा, बावीस वर्षांचा, हॉलंडच्या आयॅक्समधून मँचेस्टर युनायटेडला आला. भाच्याला त्या रात्री झोप नाही. आणि बरोबर तीन वर्षांनी, 2025 च्या विंडोत, तोच अँटनी युनायटेड सोडून स्पेनला बेटिसमध्ये गेला, पाव किमतीच्या आसपास. मधल्या काळात त्याचं काय झालं, तो बेंचवर किती बसला, घरापासून लांब कसा राहिला, यावर कोण रात्र जागलं? कोणीच नाही. मला हे खरंच लागतं मनाला. आपण जाण्याची बातमी एवढी एन्जॉय करतो आणि गेल्यावर पोरगा खेळतोय की नाही ते बघतच नाही.

म्हणून मी आता भाच्याला एकच गोष्ट सांगत असते, बातमी वाचलीस ना, मग विचार, ही कोणाच्या कामाची?

1 एप्रिल 2021 चं घ्या. एर्लिंग हालांड तेव्हा वीस वर्षांचा, जर्मनीत डॉर्टमुंडकडून खेळायचा. त्या दिवशी त्याचे वडील आल्फी आणि एजंट मिनो रायोला बार्सिलोनाला विमानातून उतरले, कॅमेरेवाले हजर, आणि त्याच दिवशी दोघं पुढे माद्रिदला. पोरगा त्या विमानात नव्हताच. तरी संध्याकाळपर्यंत अर्ध्या जगाने त्याला बार्साची जर्सी घातली आणि उरलेल्या अर्ध्याने माद्रिदची. आपल्याकडे कसं, चाळीच्या गेटसमोर बिल्डरची गाडी दहा मिनिटं उभी राहिली की संध्याकाळपर्यंत रिडेव्हलपमेंटचा कॉर्पस फंड किती, कार्पेट एरिया किती, कोणाला कितवा मजला, सगळं ठरलेलं असतं, तस्सं. आणि पुढच्याच आठवड्यात चॅम्पियन्स लीगमध्ये डॉर्टमुंडची मॅच सिटीबरोबर होती, ती संपल्यावर टनेलमध्ये एका लाइन्समनने हालांडची सही मागितली, कार्ड पुढे करून! बघा म्हणजे, ज्या माणसाने न्याय द्यायचा तो पण पोराभोवतीच्या त्या गलबल्यात ओढला गेला. शेवटी हालांड ना बार्साला गेला ना माद्रिदला. 2022 ला सिटीत गेला. काँट्रॅक्टमध्येच रिलीज क्लॉज होता, 60 मिलियन युरोच्या आसपास, म्हणजे तेवढे पैसे भरले की डॉर्टमुंडला नाही म्हणता येणार नाही, बाकी पोराची मर्जी. मग ती बार्सिलोना-माद्रिदची फेरी कशाला? अहो, चार क्लब दारात उभे आहेत हे दिसलं की पाचवा जास्त पगार देतो, जास्त कमिशन देतो. एवढं साधं आहे.

आणि एजंटच करतो असं नाही हां. ज्याला पोरगा विकायचाय तो क्लब पण दोन मोठी नावं हळूच सोडून देतो, भाव चढतो. विकत घेणाऱ्या क्लबलाही नाव हवंच असतं, कारण माद्रिद आणि बार्सिलोना हे क्लब मेंबर लोकांचे आहेत, तिथे प्रेसिडेंटची निवडणूक होते. 2000 साली फ्लोरेंतिनो पेरेझने सरळ प्रचारातच सांगितलं होतं, मला निवडून द्या, बार्सिलोनाचा फिगो आणतो. निवडून आला, आणला. तेव्हापासून बऱ्याच निवडणुकांत कोणाचं तरी नाव पिकतंच. आणि पेपरवाले. माद्रिदला मार्का आणि आस, बार्सिलोनाला मुंदो देपोर्तिवो आणि स्पोर्ट, चारही रोज छापायचे, जून-जुलैत लीगच्या मॅच नाहीत, पान तर भरायला पाहिजे. मग तिकडे छापून येतं की क्लब अमुक पोराचा विचार करतोय, इंग्लिश वेबसाइटवर येईपर्यंत त्याची बोलणी सुरू झालेली असतात आणि आपल्या इन्स्टावर पोचेपर्यंत पोराच्या हातात जर्सी असते, फोटोशॉप केलेली. बाजारात तुरी, आणि इकडे ट्रेनमध्ये मारामारी.

आता एम्बापे. त्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण तिचा पहिला भाग लोक विसरतात. पॅरिसच्या बाजूला बाँडी नावाचं गाव, तिथला हा पोरगा, खोलीत रोनाल्डोचे पोस्टर. 2012 च्या डिसेंबरात, चौदाव्या वाढदिवसाच्या आसपास, रिअल माद्रिदने त्याला बोलावलं. ट्रेनिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये कोण उभा, तर झिदान, फ्रान्सचा गाजलेला खेळाडू, स्वतःची गाडी घेऊन. पुढे बस म्हणाला. आणि हा पोरगा इतका गांगरला की विचारतो, बूट काढू का? हे त्याने स्वतःच नंतर लिहून सांगितलंय. मंडळी, विचार करा, चौदा वर्षांचा मुलगा, झिदानची गाडी, माद्रिद बोलावतंय, कोणाच्या आईबापाने नाही म्हटलं असतं? एम्बापेच्या आईबापाने म्हटलं. ते त्याला मोनाकोला घेऊन गेले, तिथे लहान वयात सीनिअर टीममध्ये खेळायला मिळण्याची शक्यता होती. आणि मिळालं पण, 2015 च्या डिसेंबरात, सतरा पूर्ण व्हायच्या आधी, मोनाकोचा सगळ्यात लहान खेळाडू, थिएरी हेन्रीचा रेकॉर्ड मोडून. त्याच्यानंतर दोन वर्षांत पीएसजीने त्याच्यासाठी 180 मिलियन युरो मोजले.

पुढचं नाटक तर तुम्हाला माहितीच आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये माद्रिदने मोठ्ठी ऑफर टाकली, पीएसजीने दाद दिली नाही. 2022 च्या मे महिन्यात सगळे म्हणत होते गेला, गेला, आणि त्याने मैदानात 2025 लिहिलेली जर्सी धरून दाखवली, वर त्याच मॅचला हॅट्ट्रिक मारली. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी सुद्धा थांब म्हणून सांगितलं होतं त्याला, देशाचा कारभार बाजूला ठेवून! 2023 ला त्याने पत्र दिलं की काँट्रॅक्टमधलं शेवटचं, त्याच्या मर्जीवरचं वर्ष वाढवणार नाही, तर क्लबने त्याला जपान-कोरियाच्या टूरवर नेलंच नाही, बाजूच्या ग्रुपमध्ये ट्रेनिंगला लावलं, सौदीच्या अल हिलालने 300 मिलियनची ऑफर ठेवली, तो त्यांच्याशी बोलला पण नाही. आणि 3 जून 2024 ला माद्रिदने जाहीर केलं, फ्री ट्रान्सफरवर, म्हणजे काँट्रॅक्ट संपल्यामुळे पीएसजीला काही न देता. तीन वर्षं! या तीन वर्षांत त्याने वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक मारलीय हो, आणि तरी त्याच्याबद्दलच्या दहापैकी नऊ बातम्या, जाणार की राहणार.

पण एम्बापे मोठा होता तोपर्यंत, आई सगळे व्यवहार बघत होती, तो झेपवू शकला. मला काळजी वाटते ती ओडेगार्डसारख्या पोरांची. मार्टिन ओडेगार्ड, नॉर्वेचा, आज तुम्ही त्याला आर्सेनलचा कॅप्टन म्हणून ओळखता. पंधराव्या वर्षी तो देशाकडून खेळला. त्या हिवाळ्यात बापाबरोबर युरोपातले मोठमोठे क्लब फिरला, प्रत्येक ठिकाणी थोडं ट्रेनिंग, प्रत्येक ठिकाणी बाहेर फोटोग्राफर, आणि प्रत्येक फोटोखाली नवीन क्लब. 2015 च्या जानेवारीत, सोळा वर्षांचा असताना, माद्रिदने घेतला. केवढी ती प्रेस कॉन्फरन्स! आणि मग? ट्रेनिंग सीनिअर टीमबरोबर, मॅच मात्र कास्तियाकडून, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या फळीच्या टीमकडून, धड इकडचा नाही धड तिकडचा नाही. त्याच मेमध्ये लीगची शेवटची मॅच, गेटाफेविरुद्ध, रोनाल्डोच्या जागी सबस्टिट्यूट म्हणून उतरवला, माद्रिदचा आजवरचा सगळ्यात लहान खेळाडू. हेडलाइन झाली. पण मिनिटं नाही मिळाली. मग लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, हेरनवेन, लोनवर व्हितेस, लोनवर रिअल सोसिएदाद, लोनवर आर्सेनल, आणि त्या सगळ्या काळात जे लोक त्याच्या सहीसाठी जागले होते तेच लिहायला लागले की फुकट गेला पोरगा. वय किती? एकोणीस, वीस! या वयात आपल्याकडची पोरं एटीकेटी सोडवत असतात आणि आपण म्हणतो, होईल हळूहळू. त्याला कोणी म्हटलं नाही.

आणि नीट बघा, तो सावरला कुठे? हॉलंडमध्ये, छोट्या क्लबमध्ये, जिथे दर आठवड्याला पूर्ण मॅच खेळायला मिळाली. सोसिएदादमध्ये तर बहरला. 2021 ला आर्सेनलने कायमचा घेतला, 2022 ला कॅप्टन केला. हालांडचं पण तेच, मोल्डेतून आधी साल्झबर्ग, मग डॉर्टमुंड, आणि डॉर्टमुंडच्या पहिल्याच मॅचला बेंचवरून येऊन हॅट्ट्रिक. त्याला एकदम सगळ्यात मोठ्या क्लबमध्ये जाता आलं असतं. नाही गेला. म्हणून मला वाटतं, कुठल्या क्लबमध्ये जाणार हा प्रश्नच मागे टाकून विचारावं, त्या क्लबमध्ये त्याच्या जागेवर आत्ता कोण खेळतं, त्याचं वय काय, कोच पोरांना उतरवतो का, लोनवर पाठवणार असतील तर कुठे? याची उत्तरं शोधायला पण मोबाईलच लागतो, आणि मजा पण तेवढीच येते, माझा भाचा आता हेच करत बसतो.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का सांगतेय, तर ही हवा आता आपल्या मैदानापर्यंत आलीय. माझा भाचा मुंबईतच एज-ग्रुपमध्ये खेळतो, लेफ्ट विंगला. कूपरेजला मॅच असली की आम्ही जाळीजवळ बसतो, आयांकडे चिवड्याचे डबे, बाबालोक कोचपेक्षा मोठ्याने ओरडतायत. तिथे माझ्या बहिणीला एक फोन आला, आम्ही तुमच्या मुलाचे व्हिडिओ पाहिले, स्पेनचा क्लब इंटरेस्टेड आहे, ट्रायलचं पॅकेज आहे, अर्धे पैसे आधी. बहीण दोन दिवस हवेत होती, आणि मी तिला नावं ठेवणार नाही, आईला कोण असं सांगत असेल तर ती हवेत जाणारच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर पोरगा बार्सिलोनाला पोचला पण होता. आणि तो बिचारा आठवडाभर मैदानात पास द्यायचा सोडून दर बॉलला एकटाच पळत सुटला, कारण त्याला वाटत होतं कोणीतरी बघतंय.

तर हे लिहून घ्या, मंडळी. फिफाचा नियम आहे, अठरा पूर्ण व्हायच्या आधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. अपवाद आहेत, पण थोडे, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर, किंवा युरोपियन युनियन आणि नॉर्वेसारख्या त्याला जोडलेल्या देशांमध्ये आपापसात सोळा ते अठरा वयाला. हा नियम किती कडक आहे बघा, बार्सिलोनासारख्या क्लबवर याच्यापायी दोन विंडो खेळाडू घ्यायला बंदी आली होती, आणि जपानचा ताकेफुसा कुबो, त्यांच्याच अॅकॅडमीत वाढलेला पोरगा, त्याला 2015 ला सगळं सोडून जपानला परत जावं लागलं. ब्राझीलचा एन्द्रिक, त्याचं माद्रिदशी 2022 लाच ठरलं, पण गेला 2024 ला, अठरा झाल्यावर. एवढ्या मोठ्या पोरांना थांबावं लागतं, तर कूपरेजच्या चौदा वर्षांच्या मुलाला स्पेनचा क्लब परस्पर साइन करतोय हे होणार कसं?

दुसरं, एजंटला फिफाचं लायसन्स लागतं, परीक्षा देऊन मिळतं, आणि कोणाकडे आहे ते फिफाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याच्याशी बोलण्याआधी पालकांची लेखी परवानगी लागते. म्हणजे मुलाला परस्पर इन्स्टावर मेसेज करून कोणी क्लबचं नाव सांगत असेल तर तिथेच थांबायचं. पॅकेज म्हणाला की समजायचं तो ट्रिप विकतोय, ट्रिप म्हणून जायचं तर जा, फिरून या, पण क्लबने बोलावलं म्हणून कर्ज काढू नका. शंका असेल तर आपल्या कोचला विचारा, कूपरेजलाच वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारा. बहिणीने त्या फोनवाल्याला लायसन्सवरचं नाव विचारलंय, आणि पैसे भरलेले नाहीत.