लाइन थांबू नये म्हणून
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळचा मकरपुरा, वडोदऱ्याचा कारखान्यांचा भाग. कारखान्याच्या गेटबाहेर ट्रकांची रांग. चालक कागद हातात घेऊन सिक्युरिटीच्या खिडकीपाशी.]

वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मर बनतात. सावलीला मेट्रोचे डबे बनतात, हालोलला मोटारी. २८ ऑक्टोबर २०२४ला तर इथे सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार येणार आणि ४० इथे जुळवली जाणार, असा तो करार आहे.

एवढं सगळं ज्या शहरात बनतं, तिथल्या मराठी घरांत इंजिनिअरचं कौतुक होतं आणि बँकेतल्या नोकरीचंही होतं. पण दांडिया बाजारातल्या एखाद्या मुलाला प्रॉडक्शन लॉजिस्टिक्समध्ये नोकरी लागली, की शेजारचे काका विचारतात, "म्हणजे स्टोअरलाच ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी मुलगा जरा खट्टू होतो.

त्यानं खट्टू होऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. का, ते पुढच्या काही मिनिटांत पाहू.

[दृश्य: ट्रान्सफॉर्मरचा कारखाना. क्रेनला टांगलेला ॲक्टिव्ह पार्ट, म्हणजे गाभा आणि त्यावरची वाइंडिंग.]

हा ट्रान्सफॉर्मरचा आतला भाग. तांब्याच्या वाइंडिंगभोवती, म्हणजे तारेच्या गुंडाळीभोवती, कागदाचं आणि प्रेसबोर्डाचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याचं, आवरण आहे. कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि ओलसर कागद विजेचा दाब सोसू शकत नाही. म्हणून हा सगळा भाग ओव्हनमध्ये वाळवतात. एकदा बाहेर काढला, की तो ठरलेल्या तासांच्या आत टाकीत बसवून बंद करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये, वडोदऱ्याच्या भरपावसात, हा हिशेब आणखी काटेकोर होतो.

आता समजा, ओव्हन उघडला, क्रेन तयार आहे, माणसं जागेवर आहेत आणि टाकीच्या झाकणाची फट बंद करणारं रबरी गॅस्केट सापडत नाही. कॉम्प्युटर सांगतो, स्टॉक एक. रॅकवर जाऊन बघावं तर बिन, म्हणजे भाग ठेवायचा डबा, रिकामा. कोणीतरी गेल्या आठवड्यात दुसऱ्या जॉबसाठी, म्हणजे दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी, ते नेलं आणि नोंद राहून गेली. ॲक्टिव्ह पार्ट पुन्हा वाळवायचा म्हणजे ओव्हनचा वेळ गेला, पुढच्या जॉबचा नंबर मागे गेला आणि टेस्टिंगची तारीख हुकली. गॅस्केटची किंमत या सगळ्यापुढे काहीच नाही.

हे होऊ न देणं म्हणजे प्रॉडक्शन लॉजिस्टिक्स. माल गेटवर उतरल्यापासून लाइनवर लागेपर्यंतचा सगळा प्रवास या माणसांच्या हातात असतो.

[दृश्य: स्टोअर. रॅक, बिन-कार्ड, पिवळ्या पट्ट्यांमधून जाणारी फोर्कलिफ्ट.]

ट्रक आला की चलन आणि बिल ऑर्डरशी ताडून पाहायचं. माल मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा. क्वालिटीवाल्यांनी पास केला की ठरलेल्या जागी लावायचा. जो आधी आला तो आधी द्यायचा, कारण सीलंट, रबर, रंग यांनाही मुदत असते. मग उद्याच्या जॉबचा बीओएम, म्हणजे सुट्या भागांची यादी, काढून एकेका स्टेशनसाठी किट भरायचं. ट्रॉलीवर किट लागलं की फिटरला स्पॅनर खाली ठेवून स्क्रू शोधत फिरावं लागत नाही.

नट-बोल्ट, वॉशर यांच्यासाठी दोन बिन ठेवतात. पहिला संपला की दुसरा वापरायला घ्यायचा आणि रिकामा झालेला स्टोअरला परत पाठवायचा. तो रिकामा बिन हीच मागणी. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात तायिची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीचं हे सर्वांत साधं रूप. चांगल्या चाललेल्या कारखान्यात दिवसाकाठी अशा कितीतरी मागण्या एक शब्द न बोलता पुऱ्या होतात.

मात्र सकाळची शॉर्टेज मीटिंग अशी मुकी नसते. तिथे मटेरियलवाल्याला उभं राहून सांगावं लागतं, "हा भाग गुरुवारी येणार नाही." आमच्या मते या पेशातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. वाईट बातमी सोमवारी कळली तर प्लॅनर जॉबचा क्रम बदलू शकतो, खरेदीवाला दुसरा सप्लायर शोधू शकतो. तीच बातमी गुरुवारी सकाळी कळली, तर सगळ्यांना नुसतं बघत राहावं लागतं. ज्याला सोमवारी बोलायचं धैर्य आहे, त्याच्या शब्दावर पुढे कारखाना चालतो.

आणि बोलायचं तरी किती भाषांत! फ्लोअरवर गुजराती: "भाई, माल हजी नथी आव्यो", म्हणजे माल अजून आला नाही. इंदूर, धुळ्याहून निघालेल्या चालकाशी फोनवर हिंदी, सप्लायरला मेल इंग्रजीत आणि रात्री घरी आईशी मराठी. बडोद्याच्या मराठी मुलामुलींना हे लहानपणापासून जमतं. या कामात त्याचा रोज उपयोग होतो.

[दृश्य: जुनं डभोई स्थानक. नॅरोगेजचं इंजिन.]

माल वेळेवर पोहोचवण्याचा विचार या मातीला नवा नाही. १८६२मध्ये, खंडेराव महाराजांच्या काळात, डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलत नव्हता, म्हणून डबे बैल ओढायचे. १८७३मध्ये जास्त वजनाचे रूळ टाकले आणि पुढे वाफेची इंजिनं नियमित धावू लागली. वाट किती भार सोसेल हे पाहून वाहन ठरवायचं, हा धडा आजही लागू आहे.

[दृश्य: अनेक चाकांचा हायड्रॉलिक ट्रेलर. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर.]

तयार ट्रान्सफॉर्मर निघतो तेव्हा आधी रस्त्याची पाहणी होते. पूल, कमानी, विजेच्या तारा, वळणं, सगळं बघितलं जातं. साध्या मालाच्या ई-वे बिलाला, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या ऑनलाइन कागदाला, दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, अशा अवाढव्य मालाला दर २० किलोमीटरमागे एक दिवस. ट्रेलरचा वेग कायद्यानंही ओळखला आहे, म्हणायचा.

९ जुलै २०२५ला पादऱ्याजवळ महीसागरवरचा गंभीरा पूल कोसळला. वाहनं नदीत पडली, वीसहून जास्त माणसं गेली. मध्य गुजरातहून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांची ती रोजची वाट होती. त्या आठवड्यात ज्यांनी गाड्यांचे मार्ग बदलले, त्यांच्यासाठी पूल ही नकाशावरची नुसती रेघ राहिली नाही. चालकाला फोन करून "पोहोचलास का रे?" असं विचारणं हासुद्धा या कामाचा भाग आहे. तो कुठल्याही पदाच्या जबाबदाऱ्यांत लिहिलेला नसतो.

[दृश्य: वडोदऱ्यातला लालबाग. प्रताप विलास राजवाडा.]

शिकायचं कुठे? गायकवाडांच्या या राजवाड्यात रेल्वेची प्रबोधिनी आहे आणि लालबागच्याच आवारात गती शक्ती विश्वविद्यालय. २०१८मध्ये रेल्वे आणि परिवहनाची संस्था म्हणून ते सुरू झालं आणि २०२२मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच तिथला विषय. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनातून वाढलेली एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची शाखा तर घरचीच आहे. पण आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. करूनही या क्षेत्रात शिरता येतं. स्टोअर असिस्टंट, मग मटेरियल प्लॅनर, मग प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि पुढे सप्लाय चेनचा प्रमुख, अशी ही वाट आहे. वाटेत सॅप हे कारखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. कोणी सीपीआयएम या नियोजन आणि साठ्याच्या व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची परीक्षाही देतं.

एमबीएची घाई मात्र करू नये, असं आमचं ठाम मत आहे. आधी दोनेक वर्षं स्टोअरमध्ये काढावीत. कुठला भाग कशात बसतो, कुठला नेहमी उशिरा येतो, कुठला हाताळताना मोडतो, हे रॅकपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नाइट शिफ्ट असेल. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असेल. ३१ मार्चच्या स्टॉक-टेकिंगला पाय दुखतील. पण ज्यानं प्रत्येक बिन स्वतः मोजला आहे, त्याचा प्लॅन फिटरलाही पटतो.

[दृश्य: कारखान्याचं गेट. मुलाखतीला आलेली मुलं-मुली फाइली घेऊन बाकावर.]

मुलाखतीला गेलात, तर पगाराबरोबर तीन गोष्टी जरूर विचारा. इथे स्टॉकची मोजणी वर्षातून एकदाच होते की दर आठवड्याला थोडी थोडी? शॉर्टेज मीटिंगला स्टोअरचा माणूस बसतो का? आणि फोर्कलिफ्टची वाट व पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी आखली आहे का? तिसऱ्याचं उत्तर तोंडी ऐकून थांबू नका. फ्लोअर दाखवायला सांगा आणि स्वतः बघून या.