शिबिराचे चूलबंद आवतन

(यवतमाळ जिल्ह्यातील युवा कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलेले व्याख्यान, संपादित.)

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

उन्हाळी शिबिराचा प्रचार किशोरवयीन मुलामुलींमध्ये कसा करावा, हा विषय मला दिला आहे आणि त्यासाठी पाऊण तास दिला आहे. जानेवारी ते मे या महिन्यांत काय काय करायचे याची आखणी मी वहीत लिहून आणली आहे व ती सांगणारच आहे. त्याआधी मला 'प्रचार' या शब्दाविषयी थोडे बोलायचे आहे, कारण आपल्या शिबिरांची गाडी बहुतेक वेळा तिथेच रुतते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

आपल्या खेड्यांत लग्नाची पत्रिका कितीही चांगली छापली, तरी ती पाठवून भागत नाही. ती घेऊन दारात जावे लागते, घोटभर चहा घ्यावा लागतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात ती द्यावी लागते. आवतन देणारा त्याच वेळी सांगतो की बोलावणे एकट्याचे आहे की चूलबंद. चूलबंद म्हटले की त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारीपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचे. आवतन नीट दिले नाही म्हणून सख्ख्या भावकीत वर्षानुवर्षे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे या सभागृहातही निघतील. इतकी जाण असलेली आपण माणसे, पण आपल्याच लेकरांना शिबिराला बोलावताना मात्र उपासनेच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, लोक चपला शोधू लागलेले असताना एक सूचना वाचतो आणि मोकळे होतो.

मागच्या रविवारी आपापल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचलेल्या सूचनांपैकी तीन ज्यांना आठवत असतील त्यांनी हात वर करावेत. दोन हात दिसतात, आणि त्यांतल्या एका बंधूंनी त्या सूचना स्वतःच वाचल्या होत्या, असे ते सांगत आहेत. हसा, पण हे लक्षात असू द्या.

आता मला एक घटना सविस्तर सांगू द्या, कारण शिबिराविषयी मला जे काही कळले ते तिथून कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही मे महिन्याच्या मध्यावर चिखलदऱ्याला शिबिर ठरवले. गुळगुळीत कागदावर रंगीत पत्रके छापली, त्यांवर डोंगर, तंबू आणि शेकोटी अशी चित्रे घातली, प्रत्येक मंडळीच्या फळ्यावर ती लावली आणि चार रविवार सूचना वाचून घेतली. साठ मुलांची जेवणाची तयारी ठेवली होती. आली अकरा, आणि त्यांतली चार पाळकांच्याच घरची होती. आमच्यातल्या काहींनी लगेच निदान केले की हल्लीच्या पोट्ट्यांना मोबाइलपुढे देवाचे काही सुचत नाही. मला ते पटत नव्हते, कारण न आलेल्यांपैकी एक मुलगी मी तरुण संघात नियमित पाहत होते. नववीतली, वचने पाठ करण्यात सगळ्यांच्या पुढे असलेली. शिबिर संपल्यावर मी तिच्या गावी गेले.

तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पाने विकत घेण्याचे केंद्र, अजून चालू होती. ओसरीत आजी, आई आणि ती मुलगी, तिघी पाने मोजत बसल्या होत्या. सत्तर पाने झाली की पुडा बांधायचा आणि बाजूला ठेवायचा. पहाटे रानातून आणलेली पाने सुकायच्या आत पुडे बांधून फळीवर पोचवावे लागतात, म्हणून माझ्याशी बोलतानाही कोणाचे हात थांबले नाहीत. मुलीच्या बोटांची टोके चिकाने काळी पडली होती. पाणी प्यायला आत गेले, तर फडताळात डब्यांखाली आमचे पत्रक अंथरलेले होते. कागद जाड होता, त्यामुळे तो त्या कामाला चांगला होता. मी आईला विचारले की पोरीला का पाठवले नाही. ती म्हणाली, "बाई, पोरीनं कागद आनला होता. पन मले त कोनी काही इचारलं नाही. थे कोठी निजन, संग कोन राहीन, मले काय मालूम? अन हे हंगामाचे दिवस, हिची मजुरी बुडली त वह्यापुस्तकाचं कसं करू?"

बंधुभगिनींनो, त्या बाईने नकार दिलेलाच नव्हता. तिला कोणी विचारलेच नव्हते. आमच्या पत्रकावर 'पालकांची सही' अशी एक रेघ होती आणि त्या घरात सही करता येणारी व्यक्ती ती मुलगीच होती. आम्ही एका किशोरवयीन मुलीला बोलावले आणि तिच्या घराला वगळले. एका पानाने जेवायला बोलावले, चूलबंद नाही, आणि मग ती आली नाही म्हणून तिच्या विश्वासाबद्दल शंका घेतली. माझ्या मनाला जे लागले ते हे.

दुसऱ्या वर्षी आम्ही संक्रांतीनंतर त्या घरी गेलो, सोबत एक वयाने मोठी भगिनी घेऊन. आईच्या प्रश्नांची उत्तरे दिली, शिबिर फळी बंद झाल्यावर ठेवले आणि ती मुलगी आली. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तशी तिने खिडकीतून हात बाहेर काढला, तो मी ओरडेपर्यंत आत घेतला नाही. यवतमाळात त्या दिवशी ऊन तापत होते आणि सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या त्या गावात तिने रात्री चादर मागितली. मे महिन्यात चादर! तिला त्याचेच नवल वाटले होते.

मात्र शेवटच्या संध्याकाळी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सर्वांपुढे सांगायला, ती उभी राहिली, तेव्हा ती थंडीविषयी काही बोलली नाही, डोंगराविषयीही नाही. ती म्हणाली, "आमच्या गावात आपलं एकच घर आहे. वर्गात मी एकटीच. आपल्या वयाची आपली इतकी मुलं एका आवाजात गाताना मी कधी ऐकली नव्हती."

इथे जरा थांबते, कारण जाहिरात कशाची करायची याचे उत्तर या वाक्यात आहे. किशोरांच्या ख्रिस्ती शिबिरांचा इतिहास पाहिला तर १८८५ साली अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या समनर डडली या कार्यकर्त्याने सात मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेक या तळ्याकाठी नेले, तिथून त्या परंपरेचा एक मोठा प्रवाह सुरू होतो. शहरांत वाढलेल्या मुलांना तळे, झाडे आणि तंबू यांचे आकर्षण वाटते. आपल्या लेकरांचे तसे नाही. ती उन्हाळाभर अंगणात खाट टाकून चांदण्यांखालीच झोपतात. रान त्यांच्या मजुरीची जागा आहे आणि शेकोटी म्हणजे त्यांच्या थंडीच्या रोजच्या रात्री. तंबूचे चित्र दाखवून त्यांना कशाचे आकर्षण वाटावे? त्यांच्याकडे नाही ती सोबत. गावात एक किंवा दोन घरे, प्रार्थनेला जायला पाच-सात कोस, वर्गात नाव विचारल्यावर उमटणारे कुतूहल, हे सगळे तेरा-चौदा वर्षांचे मूल एकटे पेलते. 'तुझ्यासारखे साठ जण तिथे भेटतील' हे वाक्य त्याला कोणीतरी समोर बसून सांगितले पाहिजे, आणि तेही शक्यतो ज्याने ते साठ जण पाहिले आहेत अशा मुलाने.

या मुलीनेच ते पुढच्या वर्षी केले. ती चार जणांना घेऊन आली, आणि त्यांच्यापैकी एकानेही आमचे पत्रक पाहिलेले नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण सर्वांनी शिकवला आहे. नासरेथातून काही चांगले निघेल का, असा नथनेलाचा प्रश्न होता. फिलिपाने त्यावर वाद घातला नाही, नासरेथाचे गुणगान केले नाही. 'येऊन पाहा' एवढेच म्हटले. आंद्रिया तर त्याआधी आपल्या भावालाच घेऊन आला होता. सुवार्ता नात्यांच्या वाटेने चालते, हे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि शिबिराच्या वेळी मात्र छापखान्याकडे धावतो.

आणखी एक खंत आहे, ती बोलून टाकते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच विदर्भात, नागपुरात, सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. याच यवतमाळात १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे विद्यालय होते, जिथे वेगवेगळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी एका बाकावर बसून शिकले. नंतर ते पुण्याला गेले. असा वारसा असलेल्या भागात आज एकाच आठवड्यात एकाच तालुक्यातल्या तीन मंडळ्या वीस-वीस मुलांची तीन वेगळी शिबिरे घेतात आणि गावातल्या एकट्या मुलाला तिथेही थोडकीच सोबत मिळते. ही साठ मुले एका ठिकाणी बसली तर काय होईल, याचा विचार पाळकमंडळींनी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की पाने मांडायला घेतली आहेत आणि मला दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा वहीतली आखणी आता भरभर सांगते, लिहून घ्यावी.

घरभेटी संक्रांतीनंतर लगेच सुरू कराव्यात. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, म्हणून दिवेलागणीनंतर जावे, दोघांनी जावे आणि त्यांतली एक भगिनी असावी; गेल्या वर्षी आलेले मूल सोबत असेल तर उत्तम. आईने विचारण्याची वाट न पाहता तिला चार गोष्टी सांगाव्यात: मुलगी कोठे झोपेल, सोबत कोण असेल, परत कधी येईल आणि किती खर्च येईल. तारीख ठरवताना पुण्यामुंबईच्या मंडळ्यांचे पाहू नये. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात. फळी संपल्यापासून मृग लागेपर्यंत, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते साधारण ६ जून, हेच आपले दिवस. मृगानंतर पेरणी सुरू होते आणि मग कोणतेही घर मूल सोडणार नाही.

पैशांसाठी मुलांची भिशी सुरू करावी. फी सहाशे रुपये धरली आणि मुलाने आठवड्याला वीस रुपये टाकले, तर पंधरा आठवड्यांत तीनशे जमतात. उरलेले तीनशे मंडळीने उपकारस्तुतीच्या दानातून घालावेत. ज्या मुलाने स्वतःचे पैसे टाकले ते मूल सहसा गळत नाही.

मुलांना काम द्यावे. १८६८ साली वेल्समधील लँडडनो गावच्या किनाऱ्यावर मुलांना सुवार्ता सांगणाऱ्या जोसाया स्पायर्स यांनी वाळूत 'देव प्रीती आहे' ही अक्षरे काढली आणि मुलांना ती शिंपल्यांनी सजवायला सांगितली. आपणही तसेच मुलांच्या हाताला काम द्यावे: गाणी, खेळ, भाजी निवडणे, नावनोंदणी, यांतले काहीतरी प्रत्येक मुलाकडे एप्रिलमध्येच सोपवलेले असावे. मोबाइलवर संदेश जरूर पाठवा, पण आपल्या बऱ्याच घरांत फोन बापाचा किंवा मोठ्या भावाचा असतो, हे विसरू नका. मुलींचे फोटो तर विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

शेवटचे, आणि यात सूट नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या घरून लेखी परवानगी घ्यावी. ती आईवडिलांना वाचून दाखवावी, मगच सही किंवा अंगठा. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला असलीच पाहिजे. मुलींच्या खोलीजवळ भगिनीच राहतील. एखाद्या मुलाला दुसऱ्या धर्माच्या घरचा मित्र आणायचा असेल, तर शिबिरात प्रार्थना आणि शास्त्राभ्यास होतो हे त्याच्या आईवडिलांना आधी स्पष्ट सांगावे आणि त्यांची मनापासून संमती असेल तरच त्याला न्यावे.

वही मी या टेबलावर ठेवते, ज्यांना उतरवून घ्यायचे आहे त्यांनी घ्यावे. घाटंजीकडच्या बांधवांनी बस पकडण्याआधी मला भेटावे. तिकडच्या तीन घरांची नावे माझ्याकडे आहेत. तिथे गेल्या वर्षी कोणीच पोचले नव्हते.