शिबिर अकराला, टोळी फडात

[दृश्य: चिकोडी तालुका, पहाटेचा अंधार, ट्रॅक्टरचे दिवे]

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातला उसाचा फड. बीडकडून आलेली ऊसतोड मजुरांची टोळी अंधारातच तोडीला लागली आहे. इथे कोयता म्हणजे हत्यार, तसंच नवरा-बायकोची जोडीसुद्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर घेतलेली असते. एक जण आला नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

[दृश्य: मांडव, बॅनर]

आरोग्य शिबिर, सकाळी अकरा ते दोन. खाडा पाडून बीपी तपासायला कोण येणार? शिबिर घ्यायचंच तर संध्याकाळी, टोळी परतल्यावर, खोपीपाशी, म्हणजे मजुरांच्या झोपडीपाशी.

यासाठीचा पैसा कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधून येतो. कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला 5 कोटींवर गेला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्चायचे. सहकारी कारखान्यांना हे कलम लागू नाही, खासगी कंपन्यांना आहे. स्वतःच्या नोकरांवरचा खर्च यात धरत नाहीत. ‘टोळी आमची नाही, मुकादमाची’ (मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराची) असं कारखाने नेहमीच सांगतात. ठीक, तुमची नाही. मग तिच्यावर हा पैसा खर्चायला हरकत कोणती?

[दृश्य: खोप्यांजवळची काळी टाकी, तोटी जवळून]

सुरुवात पाण्यापासून. 1000 लिटर स्वच्छ पाण्याला चांगली ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. तोटीच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. दूधगंगेचं गढूळ पाणी थेट भरलं तर क्लोरीन गाळातच संपतं. तुरटी फिरवून ते आधी निवळायला हवं. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो. बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं: टाकी दान होते, पावडर बघणारा माणूस नेमला जात नाही.

टाकी भरली तरी बायका पाणी पीत नाहीत. फडात आडोसा नाही, म्हणून लघवी दाबून ठेवायची आणि पाणी टाळायचं. मग जळजळ, ताप, वरचेवर लघवीचा संसर्ग. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं थांबतं, पुढच्या फडात पुन्हा तेच. ताडपत्रीचा आडोसा आणि चाकावरचा संडास टोळीबरोबर हलला पाहिजे, कारण फड हलतो. शिबिराच्या मांडवापेक्षा आधी हा खर्च व्हावा.

ओआरएसची लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवू नये; मीठ जास्त होतं. पुडीबरोबर लिटरची बाटलीही द्या.

[दृश्य: हातातलं लसीकरण कार्ड]

पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, बाळ 6, 10 आणि 14 आठवड्यांचं झाल्यावर देतात. पहिला डोस इथे मिळतो, तेवढ्यात पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळी गावी निघते. कार्डावरची नोंद कन्नडमध्ये असेल तर बीडच्या आशाताईंना ती वाचता येत नाही. कन्नड नोंदीखाली लसीचं नाव, दिलेली तारीख आणि पुढची तारीख मराठीत लिहायला नर्सला दोन मिनिटं लागतात.