सोळाव्या वर्षी पंचायतीचं मत का नको?

नमस्कार मंडळी.

रविवारची सकाळ, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावाची ग्रामसभा. गावाचं नाव मी घेत नाही, कारण हे तुमच्याही गावात असंच घडलं असतं. मागच्या रांगेत माझी भाची बसली होती. अकरावीत आहे, ऑक्टोबरमध्ये सोळा पूर्ण झाली. तिच्या हातात शाळेची जुनी वही. शेवटच्या पानांवर पट्टीने रकाने आखलेले: तारीख, खांबाचा नंबर, दिवा चालू की बंद. ट्यूशन सुटून बसमधून उतरेपर्यंत तिला साडेसात होतात. थांब्यापासून वाड्यापर्यंतची वाट काजूच्या बागेच्या कडेने जाते. त्या वाटेवरचे चौदा, पंधरा आणि एकोणीस नंबरचे खांब पावसाळाभर बंद होते, आणि तिने रोज येता-येता त्याची नोंद ठेवली होती.

ती बोलायला उभी राहिली. पुढून प्रश्न आला, "मतदार यादीत नाव आहे का तुझं?" नाही. "मग तुला बोलता येणार नाही, बस."

मग भाऊजी उठले. तिच्याच हातातली वही घेतली आणि तेच पान वाचून दाखवलं. भाऊजी कामावरून बाईकने येतात, वेगळ्या रस्त्याने. तो एकोणीस नंबरचा खांब नक्की कुठे आहे, हे त्यांनाही तिलाच विचारावं लागलं. पण इतिवृत्तात तक्रार नोंदली गेली ती भाऊजींच्या नावाने.

घरी येताना ती मला म्हणाली, "मामा, मी चुकीचं काही बोलले होते का?"

तिला गप्प बसवणारा माणूस नियमाने वागला होता, हे आधी सांगतो. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते लोक, अशी व्याख्याच आहे. माझं भांडण त्या माणसाशी नाही. माझं म्हणणं नियमाबद्दल आहे.

[स्क्रीनवर: 21 → 18]

मुळात अठरा हा आकडा आला कुठून? आपल्या घटनेत सुरुवातीला मतदानाचं वय 21 होतं. 61 व्या घटनादुरुस्तीने ते 18 झालं, आणि ती दुरुस्ती 28 मार्च 1989 पासून लागू झाली. म्हणजे गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला 30 मे 1987 रोजी, तेव्हाही वीस वर्षांच्या गोंयकाराला मत नव्हतं.

त्याच्याही मागे जा. 16 जानेवारी 1967, सार्वमत. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा? मतपत्रिकेवर विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली आणि वेगळं राहण्याला 1,72,191. फरक 34,021 मतांचा. आमच्या घरात त्या निकालावर अजून बोलणं होतं, आणि तुमच्याही घरात होत असेल. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ तेव्हा वीस वर्षांचे होते. फूल की दोन पानं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं, पण रांगेत उभं राहण्याचा हक्क नव्हता. पुढची सगळी वर्षं त्याच निकालात जगायची होती त्यांना. ते म्हणायचे, माझ्या आयुष्याचा निवाडा झाला आणि मी बाहेर उभा होतो.

आता बाहेरच्या देशांत काय चाललंय ते थोडक्यात. ब्राझीलने 1988 च्या घटनेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत दिलं, तिथे त्यांच्यावर सक्ती नाही. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये सगळ्याच निवडणुकांसाठी वय 16 केलं. अर्जेंटिनाने 2012 मध्ये. स्कॉटलंडमध्ये 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मत दिलं.

ऑस्ट्रियाकडे जरा थांबूया. तिथल्या अभ्यासकांना असं दिसलं की सोळा-सतराची मुलं अठरा ते वीसच्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात मतदानाला गेली. याचं एक कारण असं मांडलं जातं की या वयात मूल घरी असतं, शाळेत असतं, आजूबाजूला मतदानाची बोलणी कानावर पडतात. अठराव्या वर्षी ते घर सोडून बाहेर पडतं. आपल्याकडे वेगळं काय आहे? बारावी झाली की कोण पुण्याला, कोण बेळगावला, कोण तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला जायच्या तयारीत. पहिल्या मताच्या वेळी मुलगा गावातच नसतो.

आणि मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट ही आहे. नीट ऐका, साधा हिशेब आहे. गोव्यातल्या बहुतेक पंचायतींची निवडणूक 10 ऑगस्ट 2022 रोजी झाली. मुदत पाच वर्षं. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर ऑगस्ट 2027. तेव्हा माझी भाची सतरा वर्षं दहा महिन्यांची असेल. दोन महिने कमी! मग तिची पाळी थेट 2032 ला. बावीस पूर्ण होऊन दहा महिने झालेले असतील, तेव्हा ती आपल्या वाड्याचा पंच निवडणार. कागदावर वय अठरा आहे, पण पाच वर्षांच्या चक्रात सापडलेल्या मुलाला प्रत्यक्षात तेवीसपर्यंत थांबावं लागतं. या काळात गावात रस्ता येईल, डोंगर कापला जाईल, कचऱ्याची जागा ठरेल.

"एका मताने काय होतं?" असं म्हणणाऱ्यांना 2022 ची विधानसभा आठवत असेल. फोंड्याची जागा 77 मतांनी गेली आणि सांत आंद्रेची 76 मतांनी. पंचायतीचा वॉर्ड तर त्याहून कितीतरी लहान.

बरं, घटना आड येते का? घटनेचं कलम 326 जे अठरा म्हणतं, ते लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांसाठी. ते बदलायचं तर संसद लागेल. पण पंचायत निवडणुकांविषयी कायदे करायचा अधिकार घटनेने राज्य विधिमंडळाला दिला आहे. म्हणजे पंचायतीपुरती सुरुवात पर्वरीतल्या आपल्या विधानसभेत होऊ शकते, दिल्लीची वाट न बघता.

आता आक्षेप. "मुलांना काय कळतं, दिवसभर रील्स बघतात." याला मी फार वेळ देणार नाही. रील्स त्यांचे आईवडीलही बघतात. आणि सोळा ते अठराच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ तपासणी करून त्याचा खटला प्रौढांसारखा चालवायला पाठवू शकतं, असा आपलाच 2015 चा कायदा सांगतो. शिक्षेच्या वेळी समज असू शकते म्हणायचं आणि मताच्या वेळी समज नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मलाही झोपू देत नाही. पैसा. वॉर्ड लहान, मतं मोजकी. उमेदवार घरी येतो आणि घरातल्या कर्त्याला विचारतो, "तुमची चार मतं ना?" सोळाचं मूल यादीत आलं की चाराची पाच होतील. घरात ज्याच्या पैशावर शिकायचं, त्याला नाही म्हणणं त्या मुलाला सोपं नाही. पडद्याआड आपण एकटे असतो हे खरं, पण घरचा धाक पडद्यापर्यंत सोबत येतो. आईला, आजीला, नवीन सुनेलाही तो येतो. त्यावर उपाय म्हणून आपण त्यांचं मत काढून घेतलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

म्हणून माझं मागणं असं. चौदा वर्षांपासून पुढे गावात राहणाऱ्या मुलाला ग्रामसभेत बोलता यावं, ठरावावर मत न देता, पण इतिवृत्तात स्वतःच्या नावाने. सोळाव्या वर्षी पंचायतीचं मत. विधानसभा आणि लोकसभा सध्या अठरालाच राहू दे. चौदाव्या वर्षी मत द्यावं असं मला वाटत नाही. त्या वयात मूल घरच्यांवर फारच अवलंबून असतं आणि वरचा पैशाचा धोका तिथे दुप्पट होतो.

जाता जाता, जे आत्ता सतरा वर्षांचे आहेत त्यांच्यासाठी. मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो. पूर्वी फक्त 1 जानेवारीला अठरा पूर्ण असावं लागायचं. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही तारखा धरतात. अर्ज क्रमांक 6. आजच भरा.

आणि मोठ्यांना विनंती. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एक ठराव मांडा, की मुलांचं म्हणणं त्यांच्या नावाने नोंदवावं. भाऊजी मांडणार आहेत. मसुदा भाचीने लिहिलाय, त्याच वहीत. चौदा आणि पंधरा नंबरचे दिवे गेल्या आठवड्यात लागले. एकोणीस अजून बंद आहे, कालची तारीख तिने घातली आहे.