गुठळी गेली त्याच वाटेनं

नमस्कार श्रोतेहो.

पोटरी सुजते, ठणकते. चालणं जास्त झालं असेल, असं म्हणून आपण तेल चोळतो. आणि एक दिवस चार पायऱ्या चढताना लागलेली धाप थांबतच नाही. पायाच्या खोल शिरेत साकळलेली गुठळी सुटून, हृदयातून पार होऊन, फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली असते. हा पल्मनरी एम्बोलिझम. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना, बाळंतपणाच्या आगेमागे याचा धोका वाढतो.

हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची. पुढची वाट तुंबली की ती फुगते, दमते. रक्तदाब कोसळला तर प्रसंग जिवावरचा. अशा वेळी गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देतात. नेहमीच्या औषधाचा पूर्ण डोस १०० मिलिग्रॅम, तो दोन तासांत. पण हे औषध सगळ्या अंगात फिरतं, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती असते. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला ते द्यायचं कसं?

इथे कॅथेटर, म्हणजे लवचीक नळी, कामाला येतो. जांघेतल्या शिरेत सुई, तिच्यातून तार, तारेवरून नळी. पोटातल्या महाशिरेतून वर, उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत. गुठळी ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेनं तिचा माग काढायचा! तिथे औषध थेट गुठळीतच सोडलं, तर बहुधा पूर्ण डोसाच्या पाव हिश्श्याहून कमी पुरतं. किंवा औषध न देता गुठळी ओढूनच घ्यायची.

या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. गुठळी ओढणारी मोठी नळी २४ फ्रेंचची, म्हणजे आठ मिलिमीटर. तेव्हा ‘एवढंसं छिद्र’ ऐकून कोणी हा किरकोळ प्रकार समजू नये. बाहेर आलेली गुठळी पाहिली तर बोटभर लांब, काळपट लाल, पायातल्या शिरेच्या साच्यातून निघाल्यासारखी. कधीकधी तिच्यावर शिरेतल्या झडपेचा ठसासुद्धा दिसतो.

जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालायचं धाडस पहिल्यांदा केलं ते १९२९ मध्ये, जर्मनीतल्या वर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरनं. तेही स्वतःवरच. दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सारली आणि ती तशीच ठेवून गडी चालत एक्स-रे काढायला गेला. कौतुक सोडाच, बोलणीच खावी लागली. नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची चोंदलेली धमनी नळीनंच मोकळी केली. ८२ वर्षांच्या त्या बाईंनी पाय कापायला साफ नकार दिला होता. पाय वाचला. आज पक्षाघातात मेंदूतली गुठळी काढतात, गर्भाशयातल्या गाठींचा रक्तपुरवठा तोडतात, तो याच विद्येचा विस्तार.

पण प्रत्येकाला कॅथेटर लागत नाही. बहुतेकांचं काम गुठळी वाढू न देणाऱ्या औषधांवर भागतं. हृदयावर ताण किती, रक्तदाब किती, रक्तस्रावाची भीती किती, हे पाहून डॉक्टर ठरवतात. आणि कॅथेटर झाला तरी गोळ्या सुटत नाहीत. जांघेवरची पट्टी लवकर निघते. गोळ्या मात्र निदान तीन महिने, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवायची नाही.