हवेवर वाळणारी माती आणि आपली दमट हवा

मंडळी, एअर-ड्राय क्लेच्या पाकिटावर बहुधा २४ ते ७२ तासांत वाळते असं छापलेलं असतं. हा हिशेब कोरड्या हवेचा. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा त्याच क्लेला आठवडाही पुरत नाही. नवशिक्याची वस्तू सहसा घडवताना बिघडत नाही, वाळताना बिघडते. म्हणून आज मी घडवण्याइतकंच वाळवण्यावर बोलणार आहे.

आपल्या गणपतीच्या शाळांना, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यांना, यात नवीन काहीच नाही. शाडूही भट्टीत न जाता हवेवरच वाळते, आणि सण भाद्रपदात, म्हणजे मूर्ती वाळवायची ती ऐन आषाढ-श्रावणात. तिथली माणसं जाडी सारखी ठेवतात, घाईने ऊन देत नाहीत आणि मूर्ती पुरती वाळल्याशिवाय रंगाला हात लावत नाहीत. घरच्या क्लेला हेच नियम लागू आहेत.

सुरुवातीला कागदाचा लगदा मिसळलेली पांढरी किंवा विटकरी क्ले घ्या, ५०० ग्रॅमचं एक पाकीट. फोमसारखी हलकी क्ले मुलांना छान, पण तिच्यावर बारीक काम टिकत नाही आणि पॉलिश पेपरही नीट चालत नाही. शाडू स्वस्त आहे, पण वाळल्यावर ठिसूळ होते. बोटं, कान, शेपटी पटकन तुटतात. हत्यारं घरातलीच: लाटणं, जुनी सुरी, टूथपिक, स्पंज, चमचा.

पहिली वस्तू पापलेट करा. चपटा मासा, सोपी बाह्यरेषा, आणि त्याचा आकार आपल्या नजरेत पक्का बसलेला. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या समांतर ठेवा, मधे प्लॅस्टिकच्या कागदावर दीडशे ग्रॅम क्ले ठेवून लाटा. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की जाडी आपोआप सारखी येते. कागदी साचा ठेवून १५ सेंटिमीटरचा मासा कापा. आकसणं ५ टक्के धरलं तर तो वाळून सव्वाचौदा होईल. भिंतीवर मोजून बसवायचा असेल तर साचा तेवढा मोठा घ्या. चमच्याची कड हलकी दाबून शेपटीकडून डोक्याकडे खवल्यांच्या ओळी काढा. टांगायचं भोक आत्ताच पाडा, नंतर पाडताना तुकडा उडतो. परांची टोकं ३ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका, ती आधी वाळून वर वळतात.

हाताला पाणी लावून गुळगुळीत करत बसायची सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडा. पाण्याने वरचा थर सैल होतो, आतल्यापेक्षा जास्त आकसतो आणि बारीक भेगांची जाळी उमटते. पिळलेल्या स्पंजाची ओल पुरे.

आता वाळवण. पहिले बारा तास वर प्लॅस्टिक सैलसर टाका, म्हणजे कडा मधल्या भागाच्या पुढे धावणार नाहीत. मग मासा जाळीवर ठेवा आणि दर चार-सहा तासांनी उलटा. फरशीवर ठेवलात तर खालची बाजू ओली राहते आणि मासा वाटीसारखा वळतो. पंख्याचा झोत भिंतीवर सोडा, थेट माशावर नको. एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात तर मुळीच ठेवू नका. वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, आणि त्या ताणाने भेग पडते.

वाळलं की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागलं तर आत ओल आहे. पक्की खात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते. २४ तासांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की झालं. पावसाळ्यात मात्र वजन हवेच्या ओलाव्याशी जुळून थांबतं, वस्तू पुरती कोरडी नसते. तेव्हा शेवटचे दोन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते थकले. तापवून पुन्हा वापरता येतात. ताजी ओली वस्तू थेट डब्यात घालू नका, दाणे काही तासांतच भरतात. शिकायला सगळ्यात बरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

उभी मूर्ती करताना आत फॉईलचा घट्ट गोळा, त्यावर मास्किंग टेप. आतला गाभा आकसत नाही, वरची क्ले आकसते, म्हणून भेगा पडणारच हे धरून चाला. पहिला थर ४-५ मिलिमीटरचा द्या, वाळू द्या, भेगांत क्ले आणि पांढऱ्या गोंदाचं मिश्रण भरा, मग वरचं काम. तार ॲल्युमिनियमची घ्या. बांधकामाची लोखंडी तार ओल्या क्लेत गंजते आणि तांबूस डाग वर येतो. जोडताना दोन्ही बाजूंना सुरीने चरे पाडून पातळ केलेली क्ले लावा. वाळलेल्या भागाला ओला भाग लावलात तर तो आकसून सुटतो. दोन्ही वाळवून गोंदाने जोडणं बरं.

पॉलिश पेपर आधी १५० नंबरचा, मग २२०, शेवटी ४००. तोंडाला मास्क लावा, धूळ छातीत जाते. रंग ॲक्रिलिक; पोस्टर कलर व्हार्निशच्या ब्रशखाली पसरतो. व्हार्निशचे दोन पातळ हात द्या, आणि तळाला, भोकाच्या आतही द्या, कारण आपल्याकडची ओल उघड्या जागेतूनच शिरते. आत ओल असताना व्हार्निश मारलंत तर रंगाचे पापुद्रे सुटतात. व्हार्निशनेही ही वस्तू जलरोधक होत नाही: फुलदाणीत पाणी नको, ताटलीत खाणं नको, पणतीत ज्योत नको.

उरलेली क्ले प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. सोबत ओलं फडकं ठेवायची पद्धत आहे, पण पावसाळ्यात त्याने बुरशी धरते. क्ले कडक वाटली तरच दोन थेंब पाणी घालून मळा.